छापणाऱ्याचं नाव

कोणतंही मासिक हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडते आणि तळाची बारीक अक्षरातली ओळ वाचते. हे मासिक अमुक यांनी, अमुक मुद्रणालयात, अमुक पत्त्यावर छापून प्रसिद्ध केले. साधा वाचक या ओळीकडे बघत नाही. छपाईच्या धंद्यातला माणूस बघतो, कारण त्यात आपलं नाव लिहिण्याचा अर्थ त्याला ठाऊक असतो. १८६७च्या कायद्याने ही ओळ सक्तीची झाली. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि पत्रावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवंच, असं सरकारने ठरवलं. दहा वर्षांपूर्वीच्या उठावाची धग तेव्हा अजून निवली नव्हती. छापलेल्या शब्दामागे पकडता येईल असा एक माणूस सरकारला हवा होता.

मी चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका ऑफसेट छापखान्यात प्लेट विभाग सांभाळते. सकाळी पट्टरवाक्कम स्टेशनवर गाडी रिकामी होते आणि माणसांची रांग शेडकडे वळते. लेथ, रबर मोल्डिंग, पावडर कोटिंग आणि मधूनच आमच्यासारखे छापखाने. लग्नानंतर मी पुण्याहून इथे आले. तमिळ बोलायला मशीनवरच्या लोकांकडून शिकले आणि वाचायला तमिळ प्रुफं तपासता तपासता. माझे वडील पुण्यात ब्लॉकमेकर होते. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरायचं, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. नायट्रिक आम्लाने पिवळी पडलेली त्यांची नखं मी लहानपणापासून पाहिली आहेत.

व्यंगचित्राचा इतिहास आपल्याकडे चित्रकारांच्या नावांनी सांगतात. तो दगडाचा, लाकडाचा, जस्ताचा आणि छापणाऱ्यांचाही आहे, असं मला मनापासून वाटतं. राजावर, सावकारावर, भटजीवर केलेली टीका किती दिवसांत लोकांपर्यंत पोचणार, कितीला विकली जाणार आणि तिच्यासाठी तुरुंगात कोण जाणार, या गोष्टी पुष्कळदा छपाईच्या रीतीने ठरवल्या.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे दिवस होते, तेव्हा एक चित्र कोरायला आठवडे लागत. छाप महाग पडे. लंडनच्या विल्यम होगार्थने १७५१मध्ये 'क्रौर्याचे चार टप्पे' ही चित्रमालिका काढली, ती मुद्दाम गरिबांसाठी. मुक्या जनावरांचे हाल करणारं पोर पुढे खुनी कसं होतं, हे ज्यांच्या वस्तीत घडतं त्यांनाच दाखवायचं होतं. स्वस्त पडावं म्हणून त्याने चित्रं लाकडात कोरून घ्यायला सुरुवात केली. दोनच ठोकळे झाले. लाकूडकाम उलट महाग पडतंय असं दिसलं आणि मालिका अखेर तांब्यावरच निघाली. टीका ज्याच्यासाठी आहे त्याच्या खिशाला ती परवडावी, ही धडपड तेव्हापासूनची आहे.

ती अडचण दगडाने सोडवली. म्यूनिकच्या आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाची रीत शोधली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने रेघ ओढायची, गोंद आणि सौम्य आम्लाचा हात द्यायचा, शिळा ओली करायची आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई रेघेला धरते, ओल्या जागेला धरत नाही. कोरण्याचं कामच राहिलं नाही. चित्रकाराचा हात थेट शिळेवर फिरू लागला आणि सकाळी सुचलेलं संध्याकाळी छापता येऊ लागलं. आमच्या अंबत्तूरच्या चाररंगी मशीनमध्ये आजही तेलाचं आणि पाण्याचं तेच वैर काम करतं. शिळेच्या जागी अॅल्युमिनियमची पातळ प्लेट आली, मध्ये रबराचं ब्लँकेट आलं, एवढंच. प्लेटवर डिंकाचा हात आम्हीही देतो.

या वेगाचा पहिला मोठा तडाखा फ्रान्सच्या राजाला बसला. शार्ल फिलिपोंने आधी साप्ताहिक आणि १८३२पासून 'ल शारिव्हारी' हे दैनिक काढलं. त्यात रोज एक नवं शिळाचित्र असे. ऑनोरे दोमिएने १८३१च्या अखेरीस लुई फिलिप राजाला राक्षस करून खुर्चीत बसवलं. गरिबांकडून गोळा केलेल्या मोहरा फळीवरून त्याच्या तोंडात चढताहेत आणि खालून सनदा आणि पदव्या बाहेर पडताहेत. दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली. पण खटला एकट्या चित्रकारावर नव्हता. मुद्रक देलापोर्त आणि प्रकाशक ओबेर हेही पिंजऱ्यात होते. दोमिएवरच्या पुस्तकांत देलापोर्त क्वचित भेटतो, म्हणून त्याचं नाव इथे लिहिते आहे. पुढे १८३४मध्ये पॅरिसच्या एका गल्लीत सैनिकांनी घरात घुसून माणसं मारली. दोमिएने ती खोली काढली. पलंगाशी कोसळलेला बाप आणि त्याच्या अंगाखाली चिरडलेलं तान्हं मूल. पोलिसांनी सापडतील ते छाप जप्त केलेच, पण शिळासुद्धा नेली. शिळा हाती असेपर्यंत चित्र मरत नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं. १८३५मध्ये कायदा आला आणि चित्र छापण्याआधी ते मंजूर करून घेणं बंधनकारक झालं. मजकुराला ही अट नव्हती. न वाचता येणाऱ्यालाही चित्र कळतं, एवढंच त्यामागचं कारण.

आपल्या देशात याच दगडाने एक वेगळी वाट धरली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये मराठी पंचांग शिळेवर छापलं, हे छपाई शिकणाऱ्या मराठी मुलांना पहिल्या वर्षी सांगतात. पण देवनागरीचे धातूचे खिळे लवकरच सुबक झाले आणि मराठी मजकूर खिळ्यांकडे गेला. उर्दूचं तसं झालं नाही. नस्तालिक अक्षराची तिरकी लय खिळ्यात बसत नाही, म्हणून उर्दू पत्रं कितीतरी वर्षं शिळेवरच निघाली. त्यातून एक गोष्ट आपोआप घडली. लखनौचा 'अवध पंच' १८७७मध्ये निघाला, तेव्हा सुलेखन करणाऱ्या कातिबाचं अक्षर आणि व्यंगचित्र एकाच रीतीने, एकाच यंत्रावर छापता येत होतं. चित्रासाठी वेगळा खर्च नाही, वेगळा कारागीर नाही.

मराठीत आणि तमिळमध्ये खिळे होते, म्हणून चित्राला ब्लॉक लागे. ज्याने खिळ्यांचा फर्मा बांधलेला पाहिला नाही त्याला याचं महत्त्व कळणार नाही. जुळाऱ्याने ओळी जुळवल्या, लोखंडी चौकटीत त्या आवळल्या, की त्यात चित्र बसवायचं तर ते खिळ्यांच्याच उंचीचं असावं लागतं. केसभर उंच झालं तर कागद फाटतो, केसभर खाली राहिलं तर उठत नाही. आधी हे चित्र लाकडात कोरत. लंडनच्या 'पंच'मध्ये जॉन टेनियल लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र काढून देई आणि ते कोरणारा जोसेफ स्वेन. आठवडाअखेर काढलेलं चित्र पुढच्या आठवड्यात लोकांच्या हातात असे. टेनियलची रेघ म्हणून आपण जी पाहतो ती स्वेनच्या कोरणीची रेघ आहे. त्या 'पंच'ची पोरंबाळं आपल्याकडेही झाली. मुंबईत १८५४मध्ये 'पारसी पंच' निघाला, पुढे त्याचाच 'हिंदी पंच' झाला आणि त्याच्या पानांवर पंचोबा नावाचं पागोटेवालं पात्र हिंडू लागलं. पत्र गुजराती आणि इंग्रजी, पण नावाच्या शेवटचा तो 'बा' गिरगावातल्या कुणालाही परका वाटला नसेल.

मग जस्त आलं. वडील जे करत ते मी इथे लिहून ठेवते, कारण हे काम करणारी माणसं आता संपत आली आहेत. चित्राचा फोटो काढून निगेटिव्ह करायची. जस्ताच्या पत्र्यावर उजेडाला घट्ट होणारा लेप द्यायचा, निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवायचा, कच्चा लेप धुवायचा आणि पत्रा आम्लाच्या ट्रेमध्ये हलवत राहायचा. रेघ राहते, आजूबाजूचं जस्त खाल्लं जातं. पण आम्ल रेघेच्या बगलेलाही खातं. म्हणून दर फेरीनंतर पत्रा धुऊन, लाल राळेची पूड चारही बाजूंनी ब्रशने घासून, तापवून रेघेच्या कडांवर बसवायची आणि पुन्हा आम्लात. वडील पत्रा उजेडाकडे तिरका धरून बघत आणि मान हलवत, किंवा हलवत नसत. शेवटी पत्रा कापून लाकडी बैठकीवर खिळ्यांच्या उंचीला ठोकायचा. दर चौरस इंचावर.

हा दर मला फार महत्त्वाचा वाटतो. संपादक चित्रकाराला सांगे, दोन कॉलमात बसव. चित्रकार माणसं कमी करी, पाठीमागचं घर काढून टाकी, एक चेहरा आणि एक हात ठेवी. त्यात कागद रद्दीच्या जातीचा. बारीक रेघ आम्लात तुटे, दाट रेघा शाईने भरून जात. जस्त आणि वर्तमानपत्री कागद यांच्यासाठी काढायचं तर रेघ जाड हवी, काळ्याचा मोठा डाग हवा, पांढरं मोकळं हवं. १९६०च्या ऑगस्टमध्ये 'मार्मिक' निघालं. त्यातल्या बाळ ठाकरे यांच्या कुंचल्याच्या जाड-बारीक फटकाऱ्याचं कौतुक सगळे करतात. त्यावर लंडनचा व्यंगचित्रकार डेव्हिड लो याचा प्रभाव होता हेही सांगतात. लो हासुद्धा वर्तमानपत्रासाठीच काढत होता. त्या पिढीची रेघ ब्लॉकच्या ट्रेमध्ये घडली, असं माझं ठाम मत आहे. किर्लोस्करवाडीच्या 'किर्लोस्कर' मासिकात शं. वा. किर्लोस्कर संपादकही होते आणि चित्रकारही. बालविवाह, अंधश्रद्धा, बुवाबाजी यांवर त्यांनी काढलेल्या चित्रांतही तीच मोकळी, नेमकी रेघ दिसते.

आता मद्रासकडे येते, कारण ज्या शहरात मी राहते त्याने व्यंगचित्र छापण्याची सगळ्यात जड किंमत मोजली आहे. १९०६मध्ये इथे 'इंडिया' नावाचं तमिळ साप्ताहिक निघालं. मालक मंडयम तिरुमलाचार्य, लिहिणारे कवी सुब्रमण्य भारती. पत्र लाल कागदावर निघे. राजकीय व्यंगचित्र छापणारं हे पहिलं तमिळ पत्र. वाचकाला या प्रकाराची सवय नव्हती, म्हणून चित्राबरोबर त्याचा खुलासा छापत. हा कोण, त्याच्या हातात काय, त्याचा अर्थ काय. इतिहासकार वेंकटाचलपती यांनी ही चित्रं शोधून एका तमिळ पुस्तकात एकत्र केली आहेत. मी ते सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचलं. भारती टिळकांचे कट्टर अनुयायी. १९०७च्या सुरतेच्या काँग्रेसला ते स्वतः गेले होते. केसरीवाड्यातलं राजकारण तमिळ वाचकाच्या ओसरीवर चित्राने पोचलं, हे पाहून मला अभिमान वाटला.

१९०८च्या जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं. ऑगस्टमध्ये मद्रासमध्ये 'इंडिया'वर वॉरंट निघालं. ते भारतींवर निघालं नाही. कायद्याच्या कागदावर त्यांचं नावच नव्हतं. सरकारदरबारी नोंदलेलं नाव एम. श्रीनिवासन यांचं होतं. त्यांना अटक झाली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. भारती फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले. यंत्रही तिकडे गेलं आणि ऑक्टोबरमध्ये 'इंडिया' तिथून पुन्हा निघू लागलं, चित्रांसकट. भारतींचा पुतळा मरिना किनाऱ्यावर आहे. श्रीनिवासन यांचा मी कुठे पाहिला नाही. भारती राहिले, म्हणून पुढची कविता राहिली, हे खरंच. पण कुणाची तरी पाच वर्षं त्यात गेली आहेत.

सरकारही शिकत होतं. माणूस पळून जातो, यंत्र जड असतं. १९०८च्या कायद्याने चिथावणीच्या मजकुराबद्दल छापखानाच जप्त करायची सोय केली. १९१०च्या कायद्याने नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत मागायची, जुन्याकडून ५,००० रुपयांपर्यंत. आक्षेपार्ह काही छापलं की अनामत जमा. आता व्यंगचित्र छापायचं की नाही हे संपादकाच्या आधी छापखान्याचा मालक ठरवू लागला. ट्रेडलवर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून पोट भरणाऱ्याने कुणाच्या चित्रासाठी दोन हजार रुपये पणाला लावावेत? पाँडिचेरीचं 'इंडिया' ब्रिटिश हद्दीत यायचं बंद झालं आणि मार्च १९१०मध्ये ते थांबलं.

अशा वेळी टीका वर्तमानपत्राबाहेर पडली. कलकत्त्याच्या जोरासाँकोत गगनेंद्रनाथ ठाकुरांनी १९१७मध्ये 'विरूप वज्र' आणि 'अद्भुत लोक' हे शिळाचित्रांचे संच काढले, १९२१मध्ये 'नव हुल्लोड'. सरकारपेक्षा ते आपल्याच समाजाकडे वळले. साहेबी पोशाखातला बाबू, दक्षिणेवर पोसलेला पुरोहित, मुलांना पिळून काढणारी विद्यापीठाची यंत्रशाळा. त्यातलं जातिभेदावरचं चित्र मी कधीही विसरणार नाही. भलं मोठं जातं, त्यावर बसलेला ब्राह्मण आणि पाळ्यांमध्ये भरडली जाणारी माणसं. हे वर्तमानपत्राच्या दोन कॉलमांत झालं नसतं. शिळेवर मोठे काळे सपाट भाग भरता येतात, शाई खोल बसते आणि त्या काळ्यातून माणसांचे हात वर येतात. फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी'त गद्यातून जे मांडलं, त्याच्या जवळचं असं एक चित्र बंगालमध्ये शिळेवर निघालं.

लिनोने तर यंत्राचीही गरज ठेवली नाही. जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचा तुकडा, कोरणी, शाई, आणि दाब द्यायला चमच्याची पाठसुद्धा चालते. चित्रकार चित्तप्रसाद यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळावर काढलेलं 'हंग्री बेंगाल' छापून निघालं आणि सरकारने त्याच्या प्रती जाळून टाकल्या. छापखान्यातून निघालेलं सगळं एका धाडीत सापडतं. पुढे चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहिले आणि लिनो कोरत राहिले. शेतकरी, संप करणारे कामगार, बूटपॉलिश करणारी पोरं. लिनोत राखाडी रंग नसतो, काळं नाहीतर पांढरं. भुकेल्या पोराच्या बरगड्या त्यात जशा उठतात तशा दुसऱ्या कशात उठत नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या मराठीत छपाईच्या करामतीतून जन्मलेला एक प्रकार आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. मधुकर पाटकरांनी १९५१मध्ये सुरू केलेल्या 'आवाज' दिवाळी अंकातली खिडकीचित्रं. पानाला खिडकी कापलेली. तिच्यातून जे दिसतं त्याने वाचक दचकतो, पान उलटलं की चित्र अगदी साधं निघतं. खिडकीचा कट तिळभर सरकला तर विनोद गेला. दोन पानांची मांडणी, छपाईचं रजिस्टर आणि डायचा कट तिन्ही जुळावे लागतात. वडील सांगत, दिवाळीच्या आधी बाइंडरकडे रात्र रात्र जागरणं चालत. वाचकाच्या मनातलं दुटप्पीपण त्याच्याच हाताने उघड करणारी ही टीका आहे, आणि ती कात्रीने केलेली आहे.

ऑफसेट आलं आणि ब्लॉक संपले. चौरस इंचाचा दर गेला. चित्र मोठं करा, लहान करा, रंगीत करा, प्लेटला फरक पडत नाही. तमिळ साप्ताहिकांची मुखपृष्ठं रंगीत विनोदाने भरून गेली. १९८७च्या मार्चमध्ये 'आनंद विकटन'च्या मुखपृष्ठावर एक चित्र आलं. व्यासपीठावर दोघे बसलेत. गर्दीतला एकजण विचारतो, यातला आमदार कोण आणि मंत्री कोण. उत्तर असं की खिसेकापूसारखा दिसतो तो आमदार, बुरखा घातलेल्या दरोडेखोरासारखा दिसतो तो मंत्री. विधानसभेने हक्कभंग मानला आणि एप्रिलमध्ये संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. गदारोळ एवढा झाला की तीन दिवसांत सोडावं लागलं. आमच्या छापखान्यातले एक जुने मशीनमन तेव्हा मद्रासमध्ये शिकाऊ होते. ते मला म्हणाले, "अक्का, त्या आठवड्यात प्रत्येक मशीनवाला शेवटच्या पानावर कुणाचं नाव आहे ते वाचत होता." बालसुब्रमण्यन कोर्टात गेले. १९९४मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अटक बेकायदा ठरवली आणि १,००० रुपये भरपाई द्यायला सांगितली.

१८६७चा कायदा आता राहिला नाही. २०२३च्या नव्या कायद्याने तो रद्द केला. व्यंगचित्रालाही छापखान्याची गरज उरलेली नाही. चेन्नईत राहणारे व्यंगचित्रकार जी. बाला यांना २०१७च्या नोव्हेंबरमध्ये अटक झाली. तिरुनेलवेलीच्या कलेक्टर कचेरीसमोर सावकारी कर्जापायी एका कुटुंबाने जाळून घेतलं होतं. त्यावर काढलेलं चित्र त्यांनी फेसबुकवर टाकलं होतं. चित्रकार सापडला, तेव्हा चित्रकाराला पकडलं. पण जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांनी चित्र काढलेलंही नव्हतं. २०१२च्या एप्रिलमध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांवरचं एक व्यंगचित्र त्यांनी ईमेलने इतरांना पुढे पाठवलं, एवढंच. देलापोर्त आणि श्रीनिवासन उभे होते त्या जागी आता पुढे पाठवणारा उभा आहे. महापात्रांना अटक झाली, आणि त्यांच्यावरचा खटला जानेवारी २०२३पर्यंत चालला.